शॉकप विकण्याआधी गाडीखाली वाका

मागच्या व्हिडिओत जुन्या फोर-बाय-फोरच्या शॉकपबद्दल जेमतेम चार मिनिटं बोलता आलं आणि ‘बाकीचं ब्लॉगवर लिहितो’ म्हणालो होतो. ते हे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याचा वेळ वाचेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात जुन्या जीपला, जिप्सीला, थारला जे शॉकप बसतात, त्यातले बरेचसे काउंटरवर उभं राहून, गाडी न बघता निवडलेले असतात. यात गिऱ्हाइकाचं नुकसान आहेच, पण दुकानदाराचं त्याहून जास्त आहे. शॉकप निवडणं हे गाडीखालचं काम आहे, काउंटरवरचं नाही. आणि त्या कामाचे आपण वेगळे पैसे घेतले पाहिजेत.

आधी ही गिऱ्हाइकं कोण ते बघा. युट्युबवर ऑफ-रोड म्हटलं की चिखलात रुतलेली चकाचक गाडी दाखवतात. तसले रविवारचे शौकीन आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यात कोंडेश्वरकडे, मलंगगडाच्या पायथ्याला, बारवी धरणाच्या बाजूला दिसतात. चांगले लोक आहेत, रोख देतात. पण माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या बहुतेक कामाच्या असतात. वीटभट्टीवाला असतो. वांगणीकडचा नर्सरीवाला असतो. फार्महाउसच्या बांधकामावर सिमेंटची पोती आणि वर चार गवंडी घेऊन जाणारा असतो. मुरबाडच्या बाजूने भाजी आणणारा असतो. गाड्या म्हणजे एमएम ५४०, मेजर, २०१० ते २०२० या काळातली सीआरडीई थार, लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली जिप्सी, आणि फोर-बाय-फोर नसली तरी त्याच रस्त्यांवर राबणारी जुनी बोलेरो. म्हणजे ज्या गाडीचा शॉकप तुम्ही विकताय तिच्यात माणसं बसणार आहेत, उतारावर ओल्या रस्त्यात ब्रेक लागणार आहे. शॉकप मेलेला असला की चाक जमिनीवर टेकून राहत नाही, उड्या मारतं. जे चाक हवेत आहे त्याचा ब्रेक काही कामाचा नाही. गाडी थांबायला जास्त अंतर घेते. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तर मुद्द्यावर येऊ. शॉकप वजन उचलत नाही. हे वाक्य काउंटरमागे लिहून चिकटवा. वजन उचलतात ते कमानीचे पाटे. पुढे कॉइल किंवा टॉर्शन बार असेल तर तो. शॉकपचं काम एवढंच की पाटा दबून परत उसळला की ती उसळी जिरवायची. आत पिस्टन आहे, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा आहेत, त्यातून तेल जोराने दाबून जातं. उसळीतली ताकद तेलात उष्णता होऊन उतरते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. एका अर्थी शॉकप म्हणजे उसळीचा ब्रेक. त्यामुळे ‘मागून गाडी बसलीय, शॉकप टाका’ म्हणत येणाऱ्याला नुसता शॉकप देणं म्हणजे ताप आला म्हणून चष्मा बदलून देणं. गाडी बसली असेल तर पाटा थकलाय, एखादं पान तुटलंय, नाहीतर मालक क्षमतेच्या बाहेर माल भरतोय. त्यावर शॉकप कितीही महागाचा लावला तरी गाडी अर्धा इंच वर येणार नाही. गॅसच्या दाबाने थोडी वर आल्यासारखी वाटते, तेवढीच.

गेल्या पावसाळ्याआधी एक जिप्सीवाला आला. म्हणाला, चारही ‘हार्ड’ शॉकप द्या, गाडी दगडासारखी आपटते. ऐका नीट. गाडी दगडासारखी आपटते, आणि त्याला हवेत हार्ड शॉकप! त्याच्या मेकॅनिकने सांगितलं होतं की ऑफ-रोडला हार्डच लागतात. गाडी आत घेतली, खाली वाकून बघितलं. शॅकलचे बुश सुकून लोखंडाला लोखंड घासत होतं आणि पाट्यांची पानं गंजून एकमेकांना चिकटली होती. पाटा हलतच नव्हता, तर शॉकपला काम काय मिळणार? पाटे उतरवून, पानं सुटी करून साफ केली, बुश नवे टाकले, पिना ग्रीस केल्या. शॉकप चारपैकी दोन मेले होते, ते पुढची जोडी म्हणून बदलले, साधे, कंपनीच्या मापाचे. मागचे जुनेच ठेवले. बिल त्याच्या अंदाजाच्या निम्म्याने झालं. मी धर्मादाय दुकान चालवत नाही. त्याच माणसाने नंतर तीन गाड्या पाठवल्या, म्हणून सांगतोय.

हार्ड म्हणजे चांगला, ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. जिप्सी १९८५ साली आली, पुढे मागे दोन्हीकडे पाटेच, आणि वजन जेमतेम एक टन. पाट्याच्या पानांमध्ये घर्षण असतं, ते स्वतःच थोडी उसळी मारतं. त्यावर एखाद्या जड एसयूव्हीसाठी बनवलेला कडक शॉकप लावला तर चाक खड्ड्यात उतरायला आणि वर यायला वेळ लावतं. खडबडीत कच्च्या रस्त्यावर, जिथे आडव्या लाटा उठलेल्या असतात, तिथे तर उलटच होतं. एका लाटेतून चाक खाली येईपर्यंत दुसरी लाट येते, पाटा पूर्ण उघडतच नाही, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी रबरावर आपटायला लागते. मालक म्हणतो अजून हार्ड पाहिजे. आणि आपण देतो!

उलट ज्याच्या जीपवर लोखंडी हार्डटॉप आहे, पुढे जाड बंपर आणि विंच आहे, मागे रोज माल आहे, त्याला कंपनीच्या मूळ शॉकपपेक्षा थोडा जोरकस शॉकप खरंच लागतो. पण आधी पाटे त्या वजनाचे हवेत. म्हणून मी पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीचा देऊ’ असा विचारत नाही. गाडीत रोज किती माणसं, किती माल, कुठला रस्ता, हे विचारतो. पोत्यांची संख्या विचारा. ‘थोडाफार माल असतो’ म्हणणारा माणूस वीस पोती भरत असतो.

आता तपासणी. बॉनेटवर हात दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते बघायचं, ही जुनी पद्धत कारला ठीक आहे. पाट्याच्या जीपला ती फसवते, कारण पानांचं घर्षणच गाडीला थांबवतं आणि मेलेला शॉकपही पास होतो. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला खराब रस्त्यावरून दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणायला सांगा. बदलापूर–बारवी रस्त्याचा एखादा तुकडा चालेल, आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात आपल्या दुकानासमोरचा रस्ताही चालेल. आल्याआल्या चारही शॉकपच्या नळीला जपून हात लावा. जो काम करतोय तो कोमट-गरम लागेल. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंडवाला मेला. याला मशीन लागत नाही. सायलेन्सरजवळच्या शॉकपला मात्र हा नियम लावू नका, तो तसाही तापलेला असतो. हात पण भाजेल.

मग गळती बघायची. दांड्याजवळ नुसता तेलाचा ओलावा आणि त्यावर धूळ, एवढ्यावर शॉकप फेकायची गरज नसते. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर तो गेला. टायरवर हात फिरवा. मध्येमध्ये वाटीसारखे खड्डे पडले असतील तर चाक बराच काळ उड्या मारतंय. शॉकपच्या डोळ्यातले बुश, वरचे-खालचे ब्रॅकेट, वेल्डिंगला गेलेले तडे बघा. जुन्या जीपला ब्रॅकेट कितीतरी वेळा वेल्डिंग केलेला असतो आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर! हे वाचताना हसू येतं, पण डावा आणि उजवा शॉकप वेगळा दबत असेल तर तुमच्या नव्या मालाची तक्रार तुमच्याकडेच येणार.

सगळ्यात महत्त्वाचं माप. इथे जरा थांबून, वही घेऊनच वाचा. शॉकपला दोन लांब्या असतात. पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण दाबल्यावरची. विकताना आपण बहुतेक वेळा उघडलेली बघतो, जुन्या नगाशेजारी नवा धरतो आणि ‘बरोबर आहे’ म्हणतो. गाडी मूळ उंचीची असेल तर निभावतं. पण आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांची कुठली जीप मूळ उंचीची राहिलीय? कोणी पानं वाढवलीत, कोणी लांब शॅकल टाकलीत, कोणाचे पाटे सपाट झालेत.

पद्धत अशी. गाडी सपाट जागेवर, नेहमीच्या वजनासह उभी करा. शॉकपच्या वरच्या बोल्टच्या मधोमधपासून खालच्या बोल्टच्या मधोमधपर्यंत माप घ्या. समजा १६ इंच आलं. मग हाउसिंग आणि वरचं बंप रबर यांच्यातली मोकळी जागा मोजा. समजा ३ इंच. म्हणजे चाक वर दाबलं गेलं की शॉकप १३ इंचांवर येणार. रबर आपटल्यावर अजून दबतं, त्याचा एक इंच धरा. १२ झाले. याचा अर्थ पूर्ण दाबलेली लांबी १२ इंचांपेक्षा कमी असलेलाच शॉकप या गाडीला चालेल. जास्त असेल तर बंप रबराला धक्का लागायच्या आत शॉकप आतून आपटेल, आणि दांडा वाकेल, नाहीतर ब्रॅकेट उखडेल. शॉकप तिरका बसवलेला असेल तर तो चाकापेक्षा थोडा कमी दबतो, त्यामुळे हा हिशोब सुरक्षित बाजूलाच राहतो. आता चेसीखाली जॅक लावून चाक लोंबू द्या आणि पुन्हा माप घ्या. समजा २० आलं. तर उघडी लांबी त्याच्या खाली नको, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाकाचं पूर्ण वजन शॉकपच्या आतल्या अडणीवर लटकेल. हे माप घेताना जुना शॉकप एका बाजूने सोडवलेला पाहिजे, नाहीतर तुम्ही जुन्या शॉकपचीच लांबी मोजाल. आणि ब्रेकचा होस ताणला जात नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

मापाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बदलापूरच्या बाजूचा एक गिऱ्हाईक दुसरीकडून चार परदेशी शॉकप लावून आला होता, उत्तम माल, पण दोन इंच उचललेल्या गाडीसाठी बनवलेला. त्याची गाडी उचललेली नव्हतीच. महिन्याभरात मागचा ब्रॅकेट चेसीपासून सुटला. माल डुप्लिकेट नव्हता, कंपनीचा दोष नव्हता, वॉरंटीत बसत नव्हता. नुसतं टेपने मोजायचं राहिलं होतं.

जुन्या थारबद्दल एक वेगळी गोष्ट. सीआरडीई थारला मागे पाटे आहेत, पण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार. पुढून गाडी उंच दिसावी म्हणून लोक टॉर्शन बारचा बोल्ट आवळून घेतात, फुकटात उंची मिळते म्हणून. फुकट काही नसतं. चाकाला खाली जायला जी जागा होती ती संपते आणि प्रत्येक खड्ड्यातून बाहेर पडताना ‘ठक’ असा आवाज येतो. हा आवाज घेऊन आलेल्याला तीन वेळा शॉकप बदलून दिलेले मी बघितलेत. आधी बोल्ट सैल करून उंची मूळ जागेवर आणा, चाकांची अलाइनमेंट करा, मग आवाज राहिला तर शॉकपकडे वळा.

उंची वाढवण्याबद्दल कायद्याचं एक वाक्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. मूळ मापाचा शॉकप बदलणं ही दुरुस्ती झाली. चार इंच उचल आणि त्यावर मोठे टायर ही वेगळी गोष्ट झाली, तिथे कल्याण आरटीओ किंवा विम्याचा सर्व्हेअर प्रश्न विचारेल तेव्हा बिलावर नाव तुमच्या दुकानाचं असेल. मी असलं काम घेत नाही. तुम्ही घेत असाल तर निदान गिऱ्हाइकाला आधी सांगा.

आता कुठल्या प्रकारचा घ्यावा. दुहेरी नळीचा की एकेरी नळीचा, हा वाद आमच्या धंद्यात चहापेक्षा जास्त उकळतो. दुहेरी नळीत आतल्या नळीत पिस्टन चालतो आणि जादा तेल बाहेरच्या नळीत असतं. स्वस्त, टिकाऊ, बाहेरून दगड लागून थोडा पोचा पडला तरी पिस्टन चालत राहतो. तोटा असा की लांबवर खडबडीत रस्ता असेल तर तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकप ढिला पडतो. थोड्या दाबाचा नायट्रोजन भरलेला गॅस शॉकप आला तो हा फेस कमी करायला. एकेरी नळीत तेल आणि जास्त दाबाचा गॅस यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, फेस होत नाही, पत्रा एकच असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. पण त्या एका पत्र्याला मोठा पोचा पडला की आतला पिस्टन अडकतो. आणि किंमत विचारूच नका.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या पट्ट्यातल्या कामाच्या गाडीला चांगल्या कंपनीचा, मूळ मापाचा, दुहेरी नळीचा गॅस शॉकप पुरतो. इथे कोणी सलग शंभर किलोमीटर वाळवंटात ऐंशीने गाडी हाणत नाही. फार्महाउसपर्यंतचा कच्चा रस्ता पाच-सात किलोमीटर असतो आणि वेग वीसचा. तेल तापायच्या आत रस्ता संपतो. उलट दगड उडून नळीला लागणं हे रोजचं. गॅब्रिएलसारखी कंपनी १९६१ पासून इथे शॉकप बनवते, सुरुवात आपल्याच लाईनवर मुलुंडला झाली. त्यांचे किंवा त्या तोडीचे नग सहज मिळतात, बुशसुद्धा मिळतात. ऑस्ट्रेलियाचा ओल्ड मॅन इमू, जर्मनीचा बिलस्टीन हे उत्तम आहेत यात वाद नाही. स्पितीला, लडाखला सामान लादून जाणाऱ्याने जरूर घ्यावेत, आणि त्याच्या पाट्यांसकट पूर्ण संच घ्यावा. वीटभट्टीवाल्याच्या गळ्यात बांधू नका. त्याचे दोन महिन्यांचे डिझेलचे पैसे आहेत ते.

तेल भरून ‘रिपेअर’ केलेल्या शॉकपबद्दलही विचारणा होते. स्कूटरच्या शॉकपला लोक करतात. सील केलेला जीपचा शॉकप कापून, वेल्डिंग करून, मिळेल ते तेल भरून दिलेला मी दुकानात ठेवत नाही. आतल्या झडपा झिजलेल्या असतात, तेल नवं घालून त्या बऱ्या होत नाहीत.

डुप्लिकेटचा विषय आला की लोक माझ्याकडे बघून हसतात, कारण दुकान उल्हासनगरात. ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. हसा, पण हेही लक्षात घ्या की फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकीत उतरलेल्या माणसांनी हे गाव उभं केलं, १९४९ मध्ये त्याला नाव मिळालं, आणि आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प तीन, कॅम्प चार असंच म्हणतो. हाताशी काही नसताना वस्तू बनवायला शिकलेली ही माणसं. इथे बनलेला लोकल बुश मी विकतो, लोकल म्हणून सांगून, लोकलच्या भावात. लोकल माल आणि नकली माल यात फरक आहे. लोकल माल आपल्या नावाने येतो, नकली दुसऱ्याच्या. नकली शॉकप ओळखायला खोक्याचा छापा बघून भागत नाही, छापा हल्ली सगळ्यांचाच सुंदर असतो. दांड्याचं क्रोम बघा, नख अडकतं का बघा. उभा धरून दाबा आणि सोडा. गॅसचा असेल तर दांडा आपणहून सावकाश बाहेर येतो. पूर्ण प्रवासात हाताला कुठे मोकळा टप्पा लागायला नको. आणि घाऊकवाल्याकडून पक्कं बिल घ्या. जो बिल देत नाही त्याने काय दिलंय ते त्यालाही माहीत असतं.

आता गल्ल्याकडे. तुम्ही म्हणाल, सर, एवढं मोजमाप करत बसलो तर धंदा कधी करायचा? हिशोब मांडू. समजा चार शॉकपवर तुम्हाला १,६०० रुपये सुटतात. माप चुकलं, गाडी परत आली, तर उतरवणं-चढवणं, दुसरा संच मागवणं, गाडी अर्धा दिवस जागा अडवून उभी, आणि वापरलेला संच कंपनी परत घेत नाही. १,६०० तर गेलेच, खिशातले हजार-दोन हजारही गेले. म्हणजे एक परत आलेली गाडी दोन चांगल्या विक्रीची कमाई खाते. त्यापेक्षा तपासणीचे ३०० रुपये घ्या, बोर्डावर लिहून. आणि माल तुमच्याकडून घेतला तरी ते बिलातून वजा करू नका. इथे बऱ्याच जणांशी माझं पटत नाही. ते म्हणतात, वजा केले की गिऱ्हाईक खूश. पण वजा केले की तपासणी म्हणजे गळ होतो, आणि गळ टाकणारा मासा काढल्याशिवाय उठत नाही. जिप्सीवाल्याला ‘तुझे मागचे शॉकप ठीक आहेत’ असं सांगायचं धैर्य तुम्हाला त्या ३०० रुपयांतून मिळतं. वेळेचे पैसे मिळालेले असतात ना!

दुसरी अवघड गोष्ट, मेकॅनिकचा कट. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. मेकॅनिक गिऱ्हाईक आणतो, दर नगामागे ठरलेलं घेतो. नग जितका महाग, तितका कट जास्त. मग तो हार्डच सांगणार, चारही बदलायला सांगणार. मी मेकॅनिकला दोष देत नाही, त्याला गिऱ्हाईक मजुरी देताना घासाघीस करतं आणि पार्टच्या किमतीत मुकाट्याने देतं. म्हणून मी कट बंद करून बसवण्याची मजुरी वाढवली, बिलावर वेगळी ओळ करून. माप घेतल्याची मजुरी, बुश ठोकल्याची मजुरी. दोन मेकॅनिक सोडून गेले. जे राहिले त्यांना शॉकप न बदलताही पैसे मिळतात, म्हणून ते खरं बोलतात. गिऱ्हाईक येणं पहिले काही महिने कमी झालं हेही खरं आहे, त्याची तयारी ठेवूनच हे करा.

साठ्याचं थोडक्यात. जुन्या गाड्यांचा माल डेड स्टॉक व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या भागात ज्या दोन-तीन गाड्या सतत येतात त्यांचेच साधे संच ठेवा, बाकी सगळं अर्धे पैसे आगाऊ घेऊन मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शॉकपवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. २,००० रुपयांच्या नगाला आधी करासह २,५६० होत होते, आता २,३६०. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हा हिशोब आहे, जुन्या खोक्यावरची किंमत दाखवून वाद घालू नका.

बसवताना तीन-चार गोष्टी मुलांकडून करून घ्या. दुहेरी नळीचा नवा शॉकप खोक्यात आडवा पडून आलेला असतो. उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण उघड-बंद करून हवा काढल्याशिवाय लावायचा नाही. दांडा पान्ह्याने, पकडीने धरायचा नाही, क्रोमवर चरा पडला की त्याच चऱ्याने सील फाटतो. डोळ्याच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून शेवटचे आवळायचे, चाक लोंबत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जोडीनेच बदलायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकटा कधीच नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणाला तरी.

आणि मापाची एक वही करा. गाडीचं मॉडेल, उभ्या गाडीतलं माप, बंप रबरची जागा, लोंबत्या चाकाचं माप, कुठला नंबर लावला, किती पोती माल भरतो, तारीख. नाव-फोन नसला तरी चालेल. सहा महिन्यांत तुमच्याकडे आपल्या भागातल्या जीपांचा असा तक्ता तयार होतो जो कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही, कारण कॅटलॉग कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो आणि आपल्याकडे येते ती वीस वर्षं वीटभट्टीवर राबलेली. माझी दुसरी वही चालू आहे. तिचं एक पान पुढच्या व्हिडिओत दाखवतो. विषय आहे सपाट झालेल्या पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्यावा की सरळ नवे टाकावेत.